झोपलेल्या जुळीचं काम

धाकटीने कोपऱ्यातला चिमुकला चौकोन पडद्यावर पकडला आणि त्याला लाल रंग दिला. लाल म्हणजे काढून टाकायचं. चौकोनाच्या भोवती निळ्या, हिरव्या, जांभळ्या पट्ट्यांचं अख्खं शहर पसरलं होतं. हमरस्ते, गल्ल्या, गोदामं, चौक. मोबाइलच्या प्रोसेसरचा नकाशा होता तो. प्रत्यक्षात हे सगळं शहर तिच्या करंगळीच्या नखावर मावलं असतं, पण पडद्यावर मोठं करून बघायला लागलं की त्याला अंत नसे. दिवसभर ती त्याच्यावरून तरंगत फिरे. अजून कोणी राहायला न आलेल्या गावावरून उडत जावं, तसं तिला वाटे, आणि संध्याकाळी खुर्चीतून उठताना जमीन पायाला जरा परकी लागे.

धाकटी हे तिचं घरचं नाव. ऑफिसात तिला नकाशेवाली म्हणत. तिच्या साहेबाला पाठीमागे सगळे तातडी म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू होई, मग पाण्याची बाटली भरून हवी असली तरी.

"तातडीने सांग, काढल्या का जुळ्या?" त्याने मागून विचारलं.

"लाल केल्यात. सोमवारी पुसते, बाकीच्या साफसफाईबरोबर."

"आत्ता पूस की."

"सोमवारीच जाणार आहे ना कारखान्यात? मग सोमवारी."

सोमवारी नकाशा कारखान्यात जायचा होता. एकदा गेला की संपलं. तिथे तो प्रकाशाने सिलिकॉनच्या चकत्यांवर छापला जाई, आणि मग एक रेघ इकडची तिकडे करायची तरी साऱ्या कंपनीच्या तोंडचं पाणी पळे. प्रत्येक कोपऱ्याचा एकेक माणूस जबाबदार होता, आणि हा कोपरा धाकटीचा होता. तिने पुसलं तरच पुसलं जाणार होतं.

लाल चौकोनात दोन रिंगा होत्या, हुबेहूब एकसारख्या. म्हणूनच त्यांना जुळ्या म्हणत. रिंग म्हणजे काय, हे बाहेरच्या कोणी विचारलं तर धाकटी असं सांगे: समजा, काही माणसं गोल करून बसलीत, त्यांची संख्या विषम आहे, आणि नियम असा, की शेजारी जे म्हणेल त्याच्या बरोब्बर उलट म्हणायचं. पहिला म्हणाला हो, की दुसरा नाही, तिसरा पुन्हा हो. फेरा फिरून पहिल्यापाशी आला की त्याला स्वतःचंच म्हणणं फिरवावं लागतं. मग पुन्हा सगळा फेरा. हे भांडण काही मिटत नाही. ऐकणारा हटकून म्हणे, "म्हणजे आमचं घर!"

त्यातली एक रिंग जन्मभर जागी. फोन सुरू झाला की तिचं हो-नाही सुरू. उन्हात, खिशात, चार्जरवर, उशीखाली. दुसरी झोपलेली. तिच्यापर्यंत वीज जाऊच द्यायची नाही. चिप झिजते हे लोकांना पटत नाही, कारण तिच्यात हलणारं काहीच नसतं. पण वीज आणि उष्णता सोसून सोसून तीही सुस्तावते, आणि हे इतकं हळूहळू होतं की तिचं तिलाही कळत नाही. म्हणून वर्षा-सहा महिन्यांनी झोपलेलीला क्षणभर उठवायचं, दोघींना शेजारीशेजारी पळवायचं, जागी किती मागे पडली ते बघायचं, आणि झोपलेलीला पुन्हा झोपवून टाकायचं. तो फरक म्हणजे त्या चिपचं खरं वय. मग चिप त्या हिशेबाने स्वतःला थोडी जास्त वीज पाजते आणि पुढची वर्षं सांभाळून नेते. कंपनीच्या पहिल्या चिपमध्ये ही जोडी धाकटीनेच बसवली होती, आणि तेव्हापासून ती प्रत्येक चिपमध्ये त्याच कोपऱ्यात येत गेली.

पण आता कॅमेऱ्याच्या नव्या भागाला जागा हवी होती.

"झोपलेली करते काय?" तातडीने सकाळच्या बैठकीत विचारलं होतं. "जन्मभर लोळते, आणि तीही मोक्याच्या जागी. वय आपण तारखेवरून काढू. फोन ज्या दिवशी कारखान्यातून निघाला, तो त्याचा जन्मदिवस. एका दिवशी जन्मलेले सगळे सारखेच म्हातारे होतात असं धरायचं. तीन वर्षं झाली की सगळ्यांना जरा हळू चालवायचं."

"सगळ्यांना?"

"सरसकट."

जो फोन मऊ हाताने वापरला गेला, तो उगाच मंदावणार. जो रात्रंदिवस राबला, तो एक दिवस काही न सांगता मान टाकणार. धाकटीला हे दिसत होतं. पण बैठक लांबली होती, सगळ्यांची नजर घड्याळाकडे होती, आणि तिचं डोकं दुखत होतं. ती म्हणाली, "ठीक आहे." असं 'ठीक आहे' तोंडातून किती सहज निघून जातं.

तिने पडदा बंद केला तेवढ्यात फोन वाजला. मोठी होती, तिची जुळी बहीण. काही मिनिटांनी आधी जन्मली म्हणून जन्माची मोठी झालेली.

"दोन दिवस ये," मोठी म्हणाली.

"काय झालं? आई—"

"आई ठीक आहे. मला झोपायचंय."

धाकटी हसली. पलीकडून हसू आलं नाही.

*

बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून धाकटीचा डोळा लागला, आणि ती नकाशात उतरली. या वेळी तरंगत नव्हती, पायी चालत होती. गल्ल्या ओळखीच्या होत्या, तिनेच आखलेल्या. दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर जांभळं आभाळ, आणि पायाखाली मंद गुणगुण. कोपऱ्यावर दोन घरं होती, भिंतीला भिंत लागून. एकात दिवा होता आणि आतून सतत बोलणं ऐकू येत होतं. हो, नाही, हो, नाही. दुसऱ्या घरात मिट्ट काळोख. तिने त्या काळ्या दाराला कान लावला. आत कोणीतरी शांत श्वास घेत होतं, आणि तो श्वास फार ओळखीचा होता. इतक्यात बस थांबली आणि तिची मान आपटली.

मोठीचं दुकान घराच्या पुढल्या खोलीत होतं. कपडे मापाचे करून देणं, हा तिचा धंदा: पँटची उंची कमी कर, चेन बदल, लग्नानंतर घट्ट झालेला कोट उसवून सैल कर. दुकानामागे पडदा, पडद्यामागे आईची खोली, तिच्या शेजारी मोठीची छोटी खोली, आणि शेवटी स्वयंपाकघर. सगळीकडे कापडाचा बारीक भुरका तरंगत असे. दुपारचं ऊन आत आलं की तो उजळे, आणि खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसे.

"सुई ओवून दे गं आधी," मोठीने आल्या आल्या सुई पुढे केली. "सकाळपासून गिऱ्हाइकाची वाट बघतेय, तेवढ्यासाठी."

धाकटीने दोरा ओठात धरून ओला केला आणि एका झटक्यात ओवला. मोठीने चष्मा कपाळावर सरकवून ते पाहिलं.

"तुला दिसतं अजून."

"तुला नाही?"

"कधीचं नाही."

लहानपणी या दोघींना ओळखणं कोणाच्या बापाला जमलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या बापालाही नाही. एकीने खोडी काढायची, आणि मार कोणी खायचा ते दोघींनी मिळून ठरवायचं. आई तेवढी कधी चुकली नाही. पुढे धाकटी शिकायला गेली, तिकडेच राहिली. वर्षा-सहा महिन्यांनी येई. दुपारचं जेवण, आईशेजारी तासभर, मोठीशी गप्पा, संध्याकाळची बस. जाताना दोघी दारात उभ्या राहून एकमेकींची बट कानामागे सारत, आरशात बघून स्वतःची सारावी तशी.

"थकलीस," धाकटी म्हणाली.

"झोपले की होईन नीट. ऐक आता." मोठीने गळ्यातली मोजपट्टी काढून धाकटीच्या गळ्यात घातली. "आईचा चहा चारला, साखर अर्धा चमचा. मागेल जास्त, भुलू नकोस. आणि ती मधून मधून विचारते, 'कोण जागं आहे गं?' 'मी आहे' म्हणायचं, बस. तेवढ्यावर पुन्हा झोपते."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर बघायला उठते. गेल्या वर्षी तशीच उठली होती आणि पडली. मी आंघोळीला होते."

धाकटीला ते पडणं माहीत होतं. फोनवर कळलं होतं. हाड, प्लास्टर, डॉक्टर चांगला आहे. आई का उठली होती हे तिने विचारलं नव्हतं.

"रात्रीसुद्धा विचारते?"

"रात्रीच जास्त."

"किती वेळा?"

"मोजत नाही बाई. मोजलं की उरलीसुरली झोप उडते."

"मग रात्रीसाठी कोणीतरी बाई ठेवायची ना, मोठे!"

"ठेवली होती. ती 'मी आहे' म्हणायची, आणि आई 'मी म्हणजे कोण' ते बघायला उठायची. दोघींना सांभाळायला मग मी." मोठीने जांभई दिली, अशी मोठी की डोळ्यांत पाणी आलं. "तुझं चालेल. आवाज एकच आहे आपला. मी आत जाते. आग लागली तरच उठव. लहानसहान असेल तर तूच विझव."

आणि ती गेली. पलंगाचा आवाज झाला, एक दीर्घ सुस्कारा ऐकू आला, आणि त्यानंतर घरात अशी शांतता पसरली, जशी धाकटीने तिथे कधी अनुभवली नव्हती. तिच्या भेटीत मोठी नेहमी बोलत असायची.

*

धाकटी मशीनसमोर बसून राहिली. बाहेर रस्त्यावर एक सायकल गेली, कोणाचा तरी रेडिओ लांबून आला आणि विरला. उन्हातला भुरका सावकाश वर जात होता, खाली येत होता. तिलाही पेंग येऊ लागली, आणि अर्धवट गुंगीत तिला वाटलं, आपण पहिल्यापासून इथेच आहोत. नकाशे, बस, ऑफिस ही कोणीतरी सांगितलेली गोष्ट आहे.

"ताई, झाली का पँट?"

औषधांच्या दुकानातला माणूस दारात उभा होता. पांढरा कोट तसाच अंगात, खिशाला पेन. त्याने धाकटीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा! आज काय विशेष? चांगल्या दहा वर्षांनी लहान दिसताय."

धाकटीच्या ओठावर आलं होतं, मी ती नव्हे. पण ते तिथेच अडकलं.

"झोप मिळालेली दिसतेय," तो म्हणाला. "मी बायकोला नेहमी म्हणतो, त्या ताईंना फक्त झोप हवीये. औषध कसलं नकोय. माझ्याच दुकानाचं नुकसान, पण खरं ते खरं. बरं वाटलं बघून."

त्याचा आनंद इतका मनापासूनचा होता की धाकटीला त्याच्याकडे बघवेना. ती उठून कपड्यांच्या ढिगाशी गेली. पँटी सगळ्या काळ्या नाहीतर राखाडी.

"फोनमध्ये फोटो काढता ना तुम्ही," तो म्हणाला, "कपड्याचा आणि नावाच्या चिठ्ठीचा. त्यात बघा."

मोठीचा फोन मशीनच्या बाजूला होता, कोपरे घासलेला. धाकटीनेच दिलेला. तिच्या पहिल्या चिपचा पहिला फोन बाजारात आला तेव्हा तिने दुसरा कोणताही विचार न करता तो बहिणीसाठी घेतला होता. खोक्यातून काढून, सगळं लावून देताना फोनने चेहरा मागितला, तेव्हा मोठीचे दोन्ही हात मशीनवर गुंतले होते. "तुझाच दाखव की," ती म्हणाली होती, "तोच आहे." फोन धाकटीच्या चेहऱ्यावर शिकला आणि मोठीला बघून बिनतक्रार उघडला. दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. जगातल्या सगळ्यात शहाण्या यंत्राला फसवलं म्हणून मोठीने त्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून तो खेळ दाखवला होता.

धाकटीने फोन तोंडासमोर धरला. पडद्यावरचं छोटं कुलूप डावी-उजवीकडे हललं. ओळख पटली नाही.

तिने काच पदराने पुसली आणि उजेडात गेली. कुलूप पुन्हा हललं. मशीनजवळ मोठीचा चष्मा होता. तिने तो डोळ्यांवर चढवला, मोठी बांधते तसे केस मागे घट्ट ओढले, आणि पुन्हा फोनकडे पाहिलं. चष्म्यातून सगळं धूसर, मोठं आणि हलतं दिसत होतं. फोन नाही म्हणाला, आणि त्याने कुलपाचा आकडा मागितला.

असं का होतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? फोन चेहरा एकदाच शिकून थांबत नाही. रोज उघडताना तो थोडं थोडं शिकत राहतो. चष्मा आला, गाल बसले, डोळ्यांखाली सावली आली, हे सगळं तो जमेस धरत जातो. एखाद्या दिवशी त्याला ओळख पटली नाही आणि मालकाने आकडा दाबून उघडलं, तर तोही चेहरा आपलाच म्हणून ठेवून घेतो. वर्षानुवर्षं तो मोठीबरोबर असा एकेक पाऊल चालत गेला होता. इतका लांब, की ज्या चेहऱ्यापासून निघाला तो आता त्याला परका झाला होता.

आणि त्याच फोनच्या पोटात, कोपऱ्यात, तिने बसवलेल्या दोघी होत्या. एक बडबडत असलेली आणि एक झोपलेली.

धाकटीने चष्मा काढला. वर्षा-सहा महिन्यांनी ती येत होती, समोरासमोर बसत होती, बट कानामागे सारत होती. आणि तिला काही दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं, की बघायचं नव्हतं? तिला लाज वाटली. नुसतं वाईट वाटणं परवडलं असतं.

"ही माझी," माणसाने ढिगातून एक पँट ओढून काढली. "खिशावर शाईचा डाग आहे. माझाच." जाता जाता तो म्हणाला, "फोन बदला हो ताई आता. त्यालासुद्धा वय असतं."

*

"कोण जागं आहे गं?"

पडद्यामागून आवाज आला. झोपेने जड, पण त्यात काळजी स्पष्ट होती. धाकटी ताडकन उठली.

"मी आहे."

पलंग करकरला. मग: "धाकटे? तू कधी आलीस?"

आवाज एकच असल्याचा मोठीचा हिशेब आईने एका शब्दात मोडीत काढला. धाकटी आत गेली. आई भिंतीकडे पाठ करून, हात गालाखाली घेऊन पडली होती, आणि त्या मोठ्या पलंगावर अगदी एवढीशी दिसत होती.

"ती कुठे आहे?"

"झोपलीये."

"झोपलीये?" आईने मान उचलली आणि लगेच आवाज खाली आणला. "मग हळू बोल ना. केवढ्याने बोलतेस."

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. आईने तिचा हात हातात घेऊन बोटं चाचपली, सुईची टोचणी कुठे नाही याची खात्री करून घेतल्यासारखी.

"मी रात्री हाका मारते का गं?"

"मारतेस."

"मला आठवत नाही." आई छताकडे बघत राहिली. "तिला उठवते मी?"

"ती जागीच असते, आई."

हे बोलायला नको होतं, असं धाकटीला बोलल्यावर वाटलं. पण आईने तोंड फिरवलं नाही.

"एका पाळण्यात घालायची तुम्हाला," ती कुजबुजली. "एक झोपली की दुसरी डोळे टक्क उघडे ठेवून बघत बसायची. मग ही झोपायची, ती उठायची. मला वाटायचं, ह्यांनी आपसात ठरवून घेतलंय."

"मग?"

"मग काय. मोठ्या झालात." आईने डोळे मिटले. "चहात साखर नीट घाल. ती कमी घालते."

चहा ठेवायला धाकटी उठली तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन थरथरला. ती धावत दुकानात गेली आणि रस्त्यावर येऊन बोलली.

"तातडीचं आहे," तातडी म्हणाला. "कॅमेऱ्याची माणसं थांबलीत. जुळ्या आजच पूस."

"सर, जुळ्या राहतील."

"काय?"

"दोघी राहतील. मी लाल काढून टाकते."

"अगं, काल तूच तर ठीक आहे म्हणालीस. झोपलेली कशाला हवी? तिचं काम काय?"

"जागीचं काय झालंय, ते तिच्याशिवाय कळत नाही. तेच तिचं काम."

"पण तारखेवरून—"

"तारखेवरून नाही कळत. एका दिवशी जन्मलेल्या सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत, सर. मी पाहिलंय."

"कुठे? काही आकडेवारी आहे का तुझ्याकडे?"

"आहे. आतल्या खोलीत झोपलीये."

पलीकडे पेन टेबलावर वाजलं.

"आणि कॅमेरा?" तो म्हणाला. "तो कुठे ठेवू, माझ्या डोक्यावर?"

"त्याला आडवा वळवते. गोदामाच्या मागच्या दोन गल्ल्या अरुंद केल्या की मावेल. किचकट आहे, पण मावेल. सोमवारपर्यंत देते."

"उद्या येतेस?"

धाकटीने वळून दुकानात पाहिलं. ऊन कलतं झालं होतं, मशीनवरून खाली उतरून फरशीवर आलं होतं.

"नाही. इथूनच करते."

"बरं. आणि परत कधी?"

"सोमवारनंतरही इथूनच करेन म्हणते. महिन्यातले पंधरा दिवस तरी. नकाशा कुठूनही काढता येतो, सर. इतकी वर्षं मीच समजत होते की येत नाही."

*

मोठी उठली तेव्हा दिवेलागण झाली होती. ती पडदा सारून आली आणि दारातच उभी राहिली, कुठल्या गावात उतरलो हे न कळलेल्या प्रवाशासारखी. चष्मा नव्हता. गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटली होती, डोळे सुजलेले, केस एका बाजूला. कपाळावरची उभी रेघ, जी आता कायमचीच असं दुपारी धाकटीला वाटलं होतं, ती पुसट झाली होती.

"अंधार झाला? उठवलं नाहीस?"

"आग लागली नाही."

"आईचा चहा?"

"झाला. साखर एक चमचा."

"भुललीस ना? वाटलंच मला." मोठी स्टुलावर बसली आणि हात आपसूक फोनकडे गेला. तिने तो तोंडासमोर धरला. कुलूप डावी-उजवीकडे हललं. तिने भुवया उंचावल्या, पुन्हा धरला. पुन्हा नाही.

"याला काय झालं? मला ओळखत नाही."

"मलाही नाही ओळखलं दुपारी," धाकटी म्हणाली.

मोठीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेवरून तिला सगळं कळलं, की काहीच नाही, हे सांगता आलं नसतं. दोघींच्या मध्ये शिवणाचा दिवा होता आणि दोघींवर सारखाच उजेड पडत होता.

"तुला तर तो शिकला होता," मोठी म्हणाली.

"हो."

"मग आता कोणाला ओळखतो हा? शेजारणीला?"

धाकटीला हसू आलं. "आकडा टाक," ती म्हणाली. "आकडा टाकलास की हाही चेहरा ठेवून घेईल. झोप झालेला. कुठला आकडा आहे?"

"कुठला असणार? आपली जन्मतारीख."

मोठीने ती दाबली. फोन उघडला. तिने खात्रीसाठी तो बंद करून पुन्हा तोंडासमोर धरला, सुजलेल्या डोळ्यांनी, विस्कटलेल्या केसांनी. कुलूप क्षणभर थबकलं आणि सुटलं.

"घेतलं बघ," ती म्हणाली. मग फोनकडेच बघत: "उद्याची संध्याकाळची बस ना तुझी?"

"नाही."

"परवा?"

"अगं, मी राहतेय. पंधरा दिवस मी, पंधरा दिवस तू. ऑफिसला सांगितलंय."

"कशाला पण? माझं चाललंय की."

"चाललेलं मी पाहिलं आज."

मोठीने मोजपट्टीकडे हात केला. ती अजून धाकटीच्या गळ्यातच होती. हात तसाच हवेत राहिला.

"कोण जागं आहे गं?" आतून आवाज आला.

मोठी सवयीने अर्धी उठली होती, तोंड उघडलं होतं. धाकटीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी आहे, आई."

दोघी कान देऊन बसल्या. आतून "बरं" आलं, पलंग एकदा करकरला आणि गप्प झाला. पावलं वाजली नाहीत.

मोठीने फोन मशीनच्या बाजूला ठेवला. मग ती उठली, शिवणाचा दिवा धाकटीच्या बाजूला सरकवला आणि पडद्याशी गेली.

"मी जरा पडते," ती म्हणाली.

"पड."

पडद्यामागे तिची पावलं आईच्या दाराशी थांबली नाहीत. सरळ आपल्या खोलीत गेली.